सर्वांत जुना कामगार

"पंखे पायजेत जी," परसराम वलथरे म्हणाला. "दुसरं काई देल्लं नाई तरी चालते. पण पंखे पायजेत."

नागपूरच्या सरकारी विश्रामगृहातलं लांबलचक टेबल. एका बाजूला गिरणीमालकांचे पुढारी अण्णासाहेब दाभाडकर आणि त्यांचे दोन वकील. समोर कामगार संघटनेचा चिटणीस परसराम, एकटाच. मधल्या खुर्चीवर आमचे किंजवडेकर सर, आणि त्यांच्या मागे मांडीवर कागदांचा गठ्ठा सांभाळत मी. पंचवीस वर्षांची होते, पुण्याच्या एका अर्थशास्त्र संस्थेत सरांची मदतनीस होते आणि आपण देशाचं भलं करतो आहोत याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

गिरण्या म्हणजे पिठाच्या नव्हेत, दगडाच्या. पांढरगोटा नावाच्या गावापासून पुढे सडकेच्या कडेकडेनं अशा दहा गिरण्या होत्या. गारगोटीचा पांढरा दगड फोडून त्याची मैद्यासारखी भुकटी करायची आणि ती काचेच्या, रंगाच्या कारखान्यांना धाडायची. धूळ इतकी की समोरचा माणूस दिसत नसे. कामगारांच्या मागण्या दोन होत्या. एक, धूळ ओढून घेणारे मोठे पंखे. दुसरी, सेवानिधी, म्हणजे सात वर्षं नोकरी पुरी केली की जाताना एक घसघशीत रक्कम. सरकारनं नेमलेल्या समितीचं म्हणणं पडलं की दोन्ही मागण्या मालकांना झेपणार नाहीत. कोणती झेपेल ते किंजवडेकरांनी हिशोब करून सांगावं.

"वलथरे, माझं ऐका," सर समजुतीच्या सुरात म्हणाले. "पंखे बसवले तर मालाचा खर्च शंभराला अकरानं वाढतो. लहान गिरण्या तो सोसू शकत नाहीत. दहातल्या चार बंद पडतील."

"किती माणसं जातीन?"

"चारशेतली दीडशे."

परसराम तिशीचा असेल. अंगानं काटक, गळ्यात धुतलेला पंचा. बोलण्याआधी तो पंचा तोंडाला लावून खाकरायची त्याला सवय होती. दाभाडकर शांतपणे पान लावत बसले होते. मला तो माणूस आवडला नव्हता, पण सांगण्यासारखं कारण माझ्यापाशी नव्हतं. बोलायला गोड, वागायला अदबशीर.

"आणि निधीचा खर्च?" दाभाडकरांच्या वकिलानं विचारलं.

"जवळजवळ काहीच नाही," सर म्हणाले. त्यांच्या आवाजात आनंद होता, तो मला आजही ऐकू येतो.

हे "काहीच नाही" आलं कुठून, ते सांगायला हवं.

सरांचं सगळं आयुष्य एका कामात गेलं होतं. देशभरच्या कारखान्यांचे एकत्रित आकडे घ्यायचे, माणसं किती, यंत्रं किती, मजुरी किती, माल किती, आणि त्यांतून एक नातं शोधायचं. एवढी माणसं आणि एवढी यंत्रं लावली तर माल किती निघेल, मजुरी वाढली तर खर्च किती वाढेल. याला उत्पादनफलन आणि खर्चफलन अशी भारदस्त नावं आहेत. मला कामावर घेतलं त्या दिवशी सर म्हणाले होते, "देश म्हणजे एक मोठं स्वयंपाकघर समज. चुली किती, हात किती, पीठ किती आणि भाकरी किती, एवढं बघायचं. कोण थापतंय ते विचारायचं नाही. ते विचारत बसलीस तर जन्मात हिशोब होणार नाही."

वाक्य मला फार आवडलं होतं. मी ते घरी येऊन आईला ऐकवलं, तर ती म्हणाली, "थापणारीचा हात भाजला तर?" मी हसले होते.

दगड दळण्याच्या धंद्याचेही देशभरचे आकडे आमच्याकडे होते. त्यात कामगारांची नोकरी किती वर्षं झाली याचे रकाने असत. वर्षाच्या आतले, तीन वर्षांपर्यंतचे, पाच वर्षांपर्यंतचे, आणि शेवटी त्याच्या वरचे. या धंद्यापुढे शेवटच्या रकान्यात एक आडवी रेघ होती. म्हणजे कोणीच नाही. मी सरांना विचारलं होतं, "सर, अख्ख्या देशात एकही माणूस नाही?"

"हंगामी मजूर गं," सर चष्मा पुसत म्हणाले. "पेरणीला गावी जातात, परतले की दुसऱ्याच गिरणीत लागतात. नोकरी पुन्हा पहिल्यापासून मोजली जाते. साखरेच्या धंद्यात बघ, हेच आहे. आकडेवारीत ते सगळे 'सोडून गेलेले' म्हणून येतात."

साखरेचे आकडे काढून बघितले. खरंच तसंच होतं. मग मीही तो विषय सोडून दिला.

त्या रेघेमुळेच निधीचा खर्च शून्याच्या घरात आला होता. पण सर नुसते हिशोबी नव्हते. ते भले होते, आणि त्या दिवशी त्यांनी एक डाव टाकला. माझ्याकडे वळून डोळे मिचकावले आणि टेबलाकडे वळून म्हणाले, "माझी एक अट आहे. निधी एकाच गिरणीतल्या नोकरीवर नको. कोणत्याही गिरण्यांत मिळून सात वर्षं झाली तरी तो मिळाला पाहिजे."

या अटीनं भटकणाऱ्या सगळ्या मजुरांना निधी लागू झाला असता आणि मालकांचा खर्च कितीतरी वाढला असता. दाभाडकर आता भडकतील या अपेक्षेनं मी जीव मुठीत धरून बसले होते. त्यांनी पानाला चुना लावला, कात घातला, विडा दुमडला.

"मान्य," ते म्हणाले. "सात तरी कशाला, किंजवडेकर? गरीब माणसं आहेत. सहा करा."

सर इतके खूश झाले की त्यांना खुर्चीत बसवेना. मला मात्र खटकलं. आमची आई मंडईत भाजीवाल्यानं न मागता भाव उतरवला की टोपली तळापासून उलटून बघायची. पण इथे टोपली कुठली आणि तिचा तळ कुठे, ते मला समजेना.

"मंग निधीच घ्या जी," परसराम हळूच म्हणाला. "दीडशे जनाईच्या पोटावर पाय कोन देईन?"

जेवणाच्या सुट्टीत तो व्हरांड्यात माझ्याशेजारी उभा होता. मी विचारलं, "तुमची किती वर्षं झाली?"

"साडेचार, ताई. मले लय नाई राहिले आता." त्याचा चेहरा एकाएकी उजळला. "दीड वर्स काढतो कसंबी. पैसे घेतो न गावाले जातो. आमच्या गावी बोडी हाये, मंजे तलाव लहानसा. थो ठेक्यानं घेतो, मासोळ्या सोडतो. बायको मनते, तुम्ही पान्यात उतरले का खोकला पळून जाईन. सुगंधा नाव हाये तिचं. कायच्यातबी तिले पान्याचंच औषध दिसते."

तो हसला आणि लगेच पंच्यात तोंड घालून खोकत बसला. खोकला संपल्यावर म्हणाला, "पंखे भेटले असते तं बरं झालं असतं. पन ठीक हाये."

संध्याकाळी करार झाला. सहा वर्षं तो बदलायचा नाही असं त्यात कलम होतं. दाभाडकरांनी सगळ्यांना संत्रा बर्फी वाटली.

तीन महिन्यांनी पांढरगोट्याहून बोलावणं आलं. निधी मिळाल्याबद्दल कामगारांनी सभा ठेवली होती आणि सरांना, मला आग्रहाचं आमंत्रण होतं. दाभाडकरांनी दहाही गिरण्यांना भरपगारी सुट्टी दिली होती. सगळे कामगार एका जागी येण्याची ती पहिलीच वेळ. एरवी दोन-दोन मैलांवरच्या गिरण्या, बारा-बारा तासांच्या पाळ्या, कोण कशाला कोणाकडे जातो?

गावात शिरतानाच मी सरांना म्हटलं, "सर, कडुलिंब बघा." झाड पांढरं होतं. पानं पांढरी, खाली झोपलेला कुत्रा पांढरा, कौलं पांढरी. सर खिडकीतून बघत राहिले. आकड्यांच्या पलीकडे हा धंदा त्यांनीही पहिल्यांदाच पाहिला होता.

मांडव भरला होता. आपल्याकडे सत्कारावाचून सभा होत नाही. सरांना शाल-श्रीफळ झालं, दाभाडकरांना झालं. मग परसराम ध्वनिक्षेपकापुढे आला. पांढराशुभ्र सदरा, भांग पाडलेला. मधल्या तीन महिन्यांत तो बराच वाळला होता, पण उत्साह मावत नव्हता.

"आता एक शाल उरली हाये," तो म्हणाला. "थे हाये आपल्यातल्या सगळ्यात जुन्या कामगारासाठी. निधी पयले ज्याले भेटन, त्याचा सत्कार पुण्याच्या ताईच्या हातानं. सहा वर्सं ज्याचे होत आले असन, त्यानं हात वर करा."

कोणी हात वर केला नाही.

"लाजता काहून, बाप्पा? चला."

मागच्या रांगांतून हशा उठला आणि चार-पाच जणांनी एका पांढऱ्या केसांच्या, वाकलेल्या माणसाला पुढे ढकललं. "हा घ्या बुढा! हाच हाये जुना!" तो ओशाळवाणा मंचाजवळ आला.

"किती झाले, काका?" परसरामनं विचारलं.

"तीन," तो म्हणाला. "न काका कायचा? तुझ्यापेक्षा लहान हावो मी." कानकोंडा होऊन त्यानं डोक्यावरून हात फिरवला, तशी भुकटी उडाली आणि खालून काळे केस दिसले. लोक पुन्हा हसले, पण आता हसणं कमी होतं.

"बरं, साडेपाच?" परसराम म्हणाला. "पाचच्या वरचे? पाच नंबर गिरणीतला देवाजी कोठं हाये? थो तं माझ्या आधीचा."

"देवाजी तुमच्याकडे आला ना, दोन नंबरात?" कोणीतरी ओरडलं.

"आमच्याकडे कोठं? थो गावाले गेला, बिमार होता."

"मंग हरबा? हरबा पुंडे?"

"हरबा आठ नंबरात लागला मनत होते."

"आठ नंबरात कोनी हरबा नाई."

आवाज एकमेकांत मिसळू लागले. नावं येत होती, या गिरणीतून त्या गिरणीकडे फेकली जात होती आणि कुठेच थांबत नव्हती. प्रत्येक गिरणीला वाटत होतं, आपली जुनी माणसं दुसऱ्या गिरणीत गेली आहेत. मी सरांकडे पाहिलं. मांडीवरचा नारळ खाली ठेवून ते बोटांवर नावं मोजत होते.

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं एक बाई उठली. तिनं आवाज चढवला नाही. मांडव एवढा शांत झाला होता की त्याची गरजच पडली नाही.

"हरबा घरी आला होता," ती म्हणाली. "दिवाळीले आला, न संक्रांतीच्या आधी मेला. मी त्याची बहीन हावो."

मग दुसरी बाई उठली. मग तिसरी. देवाजी, शिवराम, लटारू. गावं वेगळी, गोष्ट एकच. आला, खोकत राहिला, गेला.

परसराम ध्वनिक्षेपकापुढेच उभा होता. बहुधा सुरू केलेलं पुरं करायचं म्हणूनच त्यानं विचारलं, "पाच वर्सं?" मग घसा साफ करून, "पावनेपाच?" आणि चारशे माणसांसमोर त्याचा स्वतःचा हात वर गेला. आजूबाजूला दुसरा हात नव्हता. तो हात खाली घ्यायचंही विसरला.

"ताई, शाल घाला ना," शेजारून दाभाडकर घड्याळ बघत म्हणाले. "लोक खोळंबलेत."

तेव्हा मला कळलं की या माणसाला सगळं पहिल्यापासून माहीत होतं. सातचे सहा करताना त्यानं पानाचा विडासुद्धा खाली ठेवला नव्हता. माझ्या अंगाची लाही लाही झाली. पण परसराम माझ्याकडे बघत होता, वाट बघत होता. मी उठले आणि शाल त्याच्या खांद्यांवर घातली. हाडं हाताला लागली. फोटोवाला ओरडला, "इकडे बघा, साहेब!" आणि कोणीतरी टाळ्या सुरू केल्या.

परतताना परसराम आम्हांला जीपपर्यंत सोडायला आला. शाल अजून अंगावर होती.

"सर, पंख्याचा हिशोबबी ह्याच आकड्याईवरून केला होता काय?"

"हो," सर म्हणाले.

"आमी मरतो, हे होतं त्याच्यात?"

"नव्हतं." सर जीपचं दार धरून म्हणाले. "माणूस गेला की त्याच्या जागी दुसरा येतो, एवढंच त्यात होतं. गेला कुठे, ते नव्हतं."

"मंग पंखे महाग, हे कायच्या हिशोबानं?" त्यानं विचारलं. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. त्याला खरंच समजून घ्यायचं होतं.

सर जीपमध्ये चढून बसले. मीच पुढे झाले. "परसराम, उद्याच्या उद्या गिरणी सोडा. गावी जा."

"आता सोडलं तं आतापावतरची धूळ फुकट गेली ना, ताई. बोडी कशी घेऊ? लागून आठच महिने झाले असते तं गोष्ट वेगळी. आता सव्वा वर्सासाठी सोडू काय?" त्यानं खांद्यावरची शाल सावरली. "न निधी कोनीतरी घेऊन दाखवला पायजे. नाई तं थे खोटं ठरन सारं."

पुण्याला न जाता सर तसेच समितीच्या अध्यक्षांकडे गेले. माझा हिशोब चुकला, तो मागे घेतो, पंखे सक्तीचे करा, असं त्यांनी तोंडी सांगितलं आणि लेखीही दिलं. सुनावणी झाली. दाभाडकरांच्या वकिलानं सभेचा फोटो पुढे ठेवला. शाल पांघरलेला, हात उंचावलेला परसराम, खाली टाळ्या वाजवणारे कामगार. "कामगार समाधानी आहेत," वकील म्हणाला.

"हा त्यांच्यातला सर्वांत जुना कामगार आहे हो!" सर जवळजवळ किंचाळले. "वय बघा त्याचं!"

अध्यक्षांनी फोटो निरखला. "तरुण कामगारवर्ग दिसतो. चांगलंच आहे," ते म्हणाले. "आणि किंजवडेकर, दीडशे माणसं बेकार होतील हा आकडा तुमचाच. तेव्हा खरा होता आणि आता खोटा? कराराची मुदत सहा वर्षांची आहे. तेव्हा बघू."

त्यानंतर सरांनी वर्गात शिकवणं सोडलं. संस्थेत यायचे, बसायचे, जायचे. आईचा तो भाजलेल्या हाताचा प्रश्न मी त्यांना सांगितला होता. मला म्हणायचे, "तुझ्या आईला एकदा भेटायचंय मला." ते कधी भेटले नाहीत.

पुढचं मला सुगंधाबाईंनी सांगितलं, दोन वर्षांनी, त्यांच्या गावच्या बोडीच्या काठावर बसून. शेवटचे चार महिने परसरामला चालवत नव्हतं. गिरणीतले सोबती त्याला रोज सकाळी सायकलवर बसवून आणायचे, हजेरी लागली की दारापाशी पोत्यावर टेकवून ठेवायचे आणि त्याच्या वाटणीचं काम आपसांत वाटून घ्यायचे. मुकादमानं पहिल्या दिवशी हजेरी लावायला नकार दिला, तेव्हा अख्खी पाळी दारात बसून राहिली. परत असं झालं नाही. आधी त्याच्याच गिरणीतले लोक करायचे, मग बाकीच्या नऊ गिरण्यांतले पाळ्या लावून येऊ लागले. काही जण त्याच्यापेक्षा फार बरे होते असंही नाही.

त्यानं सहा वर्षं पुरी केली. निधी घेतला. बोडीचा ठेका बायकोच्या नावानं केला आणि मासोळ्या सोडल्या त्या दिवशी काठावर खाट टाकून पडून बघितलं. पाण्यात उतरायचं राहिलं. तेरा दिवसांनी तो गेला.

"मी मनलं होतं पान्यानं बरं वाटन," सुगंधाबाई म्हणाल्या आणि कितीतरी वेळ रडत राहिल्या. मीही रडले.

पंखे कधीच बसले नाहीत. कराराची मुदत संपत आली तशा गिरण्या एकेक करून दुसऱ्या जिल्ह्यात गेल्या.

परसरामनं सहा वर्षं पुरी केली त्या वर्षाचे देशाचे आकडे छापून आले तेव्हा मी आधी दगड दळण्याच्या धंद्याची ओळ काढली. शेवटच्या रकान्यात रेघ नव्हती. तिथे एक होता, एकच. मी ते पान सरांसमोर ठेवलं. त्यांनी त्या आकड्यावर बोट ठेवलं आणि पुष्कळ वेळ ते तिथून उचललं नाही.

काही महिन्यांनी सुधारित आकड्यांचं पुस्तक आलं. असे आकडे तपासताना बाकीच्यांशी न जुळणारा, एकुलता एक आकडा चूक समजून काढून टाकायची रीत आहे. ती मला सरांनीच शिकवली होती. शेवटच्या रकान्यात पुन्हा रेघ होती.

छापील सरकारी आकड्याला सरांनी जन्मात हात लावला नव्हता. त्या दिवशी त्यांनी माझ्याकडून पेन मागून घेतलं, रेघ खोडली आणि तिथे स्वच्छ अक्षरात एक लिहिला.